नाग नदीतले गप्पी: सॅम्पलिंग कसं आखावं?

प्रश्न: प्राणीशास्त्र_नागपूर
एम.एस्सी.चा प्रबंध आहे. अंबाझरी तलावाच्या सांडव्यापासून पारडीपर्यंत पाच पूल निवडलेत. पुलाखाली हातजाळीने मासे धरायचे, तिथलाच डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजायचा आणि गप्पी जास्त तिथे पाणी बरं, असं दाखवायचं. जानेवारीत एकदा, मे महिन्यात एकदा. यात काय चुकतंय? आणि गप्पी की गॅम्ब्युसिया (दोन्ही डासांच्या अळ्या खाणारे, बाहेरून आणलेले छोटे मासे), हे हातात आल्यावर ओळखायचं कसं?

उत्तर: काठावरचा
"गप्पी जास्त तिथे पाणी बरं" हे गृहीतक आधी काढून टाका. गप्पी वर वळलेल्या तोंडाने पाण्याचा अगदी वरचा, हवेला लागून असलेला पातळ थर ओढतो. त्या थरात ऑक्सिजन टिकून असतो, त्यामुळे खाली सांडपाणी असलं तरी मासा जगतो. उलट, जिथे बाकीचे मासे मरतात तिथे त्याला खाणारा कोणी उरत नाही आणि तो वाढतो. म्हणजे गप्पीबरोबर दुसरं काय सापडलं आणि काय सापडलं नाही, हा खरा डेटा. नुसते गप्पी मोजून हाती काही लागणार नाही.

डीओ दोन थरांत घ्या, पृष्ठभागाला लागून आणि १५ सें.मी. खाली. पडदा असलेला जुना प्रोब वापरणार असाल तर तो पाण्यात हलवत ठेवा, कारण तो स्वतःच ऑक्सिजन खातो आणि साचलेल्या पाण्यात आकडा खाली घसरत जातो. विंकलर पद्धतीने (रसायनं घालून, टायट्रेशनने) डीओ काढणार असाल तर अझाइड घातलेलं अभिकर्मक घ्या, सांडपाण्यातलं नायट्राइट निकाल बिघडवतं. बाटलीत बुडबुडा नको, आणि मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइड काठावरच घाला. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर तिथे ऑक्सिजन नाही, पुढे टायट्रेशनची गरजच नाही. २०० मि.ली. नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटचा १ मि.ली. म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. आणि एकदा पहाटे, एकदा दुपारी घ्या. शेवाळ असलेल्या टप्प्यात दुपारचा आकडा फसवतो.

पूल हे निकष म्हणून वाईट. पुलाखाली सावली, कचरा आणि खोली, तिन्ही वेगळी असतात. ठिकाणं नाल्यांच्या तोंडावरून ठरवा: नाला मिळण्याच्या ५० मीटर वर एक आणि ५० मीटर खाली एक, अशा जोड्या. तुलनेला पिवळी नदीवर एक जोडी ठेवा, नाग नदीला मिळण्याआधीची. अंबाझरी पावसाळ्यात भरून वाहते तेव्हा तलावातले मासे खाली येतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरची फेरी हवीच. ती नसेल तर जानेवारीत सापडलेला मासा तिथलाच की वाहून आलेला, हे सांगताच येणार नाही.

जाळी १ मि.मी. छिद्राची. पिल्लं जन्मतात तेव्हा ७-८ मि.मी. असतात, मोठ्या छिद्रातून सगळी निसटतात आणि तुमच्याकडे फक्त माद्या उरतात. प्रत्येक ठिकाणी काठाकाठाने जाळीच्या २० झेपा (फटकारे), प्रत्येक झेप साधारण १ मीटर. झेपवार नोंद ठेवा, शून्यही लिहा.

उत्तर: पर_आणि_काटे
ओळख: गॅम्ब्युसियाच्या शेपटीच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात आणि बहुधा डोळ्याखाली तिरकी गडद रेघ. गप्पी मादी राखाडी असते, शेपटी साधारणपणे स्वच्छ. नर गप्पी अंगावरच्या रंगीत डागांनी लगेच कळतो. गॅम्ब्युसियाचा नर रंगहीन. दोन्ही नरांचा गुदपर लांबट दांड्यासारखा, गोनोपोडियम झालेला असतो. डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला, पृष्ठभागावरच तरंगणारा मासा दिसला तर थांबा, तो आपला देशी अप्लोकायलस. तो अंडी घालतो आणि त्याच्या नराला गोनोपोडियम नसतं.

गॅम्ब्युसियात अजून एक गोम आहे. भारतात तो १९२८ मध्ये इटलीहून आला. त्याच्या आफिनिस आणि हॉलब्रुकी अशा दोन जाती आहेत. सगळीकडे आफिनिस लिहितात, पण पृष्ठपराचे काटे मोजा: आफिनिसला बहुतेक ६, हॉलब्रुकीला ७. भिंगाखाली पर ओला असतानाच मोजायचे, वाळला की चिकटतात.

डीएनए काढायचा असेल तर मासे फॉर्मेलिनमध्ये अजिबात नको, थेट ९५ टक्के अल्कोहोल. बाकीचे नमुने आधी लवंग तेलाने बेशुद्ध, मग १० टक्के फॉर्मेलिनमध्ये (बाजारातलं १ भाग, पाणी ९ भाग, चिमूटभर बोरॅक्स). त्यात मासा थोडा आकसतो, म्हणून सगळ्यांची लांबी एकाच टप्प्यावर मोजा. लेबल पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका; बॉलपेन अल्कोहोलमध्ये पुसून जातो.

प्राणीशास्त्र_नागपूर
धन्यवाद सर. गाईड म्हणतात, डासांवर किती उपयोग होतो तेही दाखव. पोटातलं अन्न पाहिलं तर चालेल?

उत्तर: काठावरचा
चालेल, पण पकडल्यावर लगेच मारावे लागतील. बादलीत ठेवले की पचन सुरूच राहतं, तासाभरात पुरावा जातो. गप्पीला खरं जठर नसतं, आतड्याचा पुढचा भाग उघडा. डासाच्या अळीची श्वासनळी कायटिनची असते, ती शिल्लक राहते. लाल कायरोनोमस (डासासारख्या, पण न चावणाऱ्या कीटकाच्या) अळ्यांची डोकी डासांची म्हणून मोजू नका, हा गोंधळ फार होतो.

डासांबद्दल मर्यादा आधीच लिहा. नाल्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोगाचा. डेंग्यूचा एडिस स्वच्छ साठवणीच्या पाण्यात, म्हणजे आपल्या कूलरच्या टाकीत. नदीतले गप्पी तिथे काय करणार? मनपाच्या मलेरिया-फायलेरिया विभागाने गप्पी कुठे आणि केव्हा सोडले याची यादी मागा, न मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा. ती यादी नसेल तर सोडलेले मासे आणि तिथेच वाढलेले मासे वेगळे करता येणार नाहीत. शेजारी सोडणं चालू असेल तर एकाच आकाराचा घोळका सापडतो. पिल्लं, गाभण माद्या, नर सगळं एकत्र दिसलं तर मासा तिथे रुजला.

उत्तर: गमबूट
एवढं सगळं करून राहिले तर बूट-हातमोज्यांचंही बघा. हे सांडपाणी आहे. गुडघ्याच्या वर पाणी लागेल अशा जागी उतरू नका, पायाला जखम असेल तर नकोच, लेप्टोचा धोका असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. वरच्या भागात पाऊस पडत असेल तर नदीत पाय ठेवू नका. परवानगीचं पत्र मनपा आणि मत्स्यव्यवसाय कार्यालय, दोन्हीकडून आधीच घ्या. जाळीत कासव आलं तर फोटोही नंतर, आधी पाण्यात. मोजणी झाल्यावर उरलेले गप्पी-गॅम्ब्युसिया मात्र परत नदीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडू नका. एकाच मादीच्या पोटात साठवलेल्या शुक्राणूंवर पुढच्या अनेक वेती होतात.