जखमी पक्षी आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

जुलैत तीन दिवस झड लागली होती. चौथ्या सकाळी गुहागरच्या पुळणीवर एक मोठा पांढरा पक्षी बसलेला दिसला. पंखांच्या कडा काळ्या, चोचीभोवतीही काळं. मास्क्ड बूबी, हे नंतर कळलं. हा खोल समुद्रातला पक्षी, पावसाळी वाऱ्यात भरकटून किनाऱ्याला लागतो. चोच मारत होता म्हणून मी चोचीला रबरबँड लावला आणि टोपलीत घालून उपचार केंद्रात नेला. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी तो रबर कापला. "याला बाहेरून नाकपुड्या नसतात, चोचीच्या कडेनं श्वास घेतो." उंचावरून पाण्यात सूर मारतो ना, म्हणून. तासाभराचा रस्ता तो कसा जगला असेल! मला रडूच आलं.

केंद्रात कमालीची शांतता. पिंजऱ्यांवर चादरी, बोलणं कुजबुजत. माणसाची सवय लागली तर पक्षी पुढे जगत नाही, म्हणून फोटोही काढू देत नाहीत. ते मला फार पटलं. आधी नळीनं पाणी, मासे नंतर. रोज वजन. सोडण्याआधी पिसं तपासतात: पाणी ओघळून गेलं पाहिजे, मुरलं तर अजून थांबायचं.

तुमच्याकडे काय घडलं?

मालवणहून: कुरव पक्ष्याच्या पायात तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, गुंतलेला, पंखात गळ. मी ओढायला गेलो तर रापणीवरचे आजोबा ओरडले, "ओढू नको रे, गळाक उलटो काटो आसता!" दोरा कापला, गळ तसाच ठेवून नेला.

श्रीवर्धनहून: आमच्या वाडीत गिधाडाचं पिल्लू पडलं होतं. गावातली पोरं दुपारभर कुत्र्यांना हाकलत राहिली, वनखात्याची माणसं येईपर्यंत. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ लावला होता. डायक्लोफेनॅक हे गुरांना देत ते वेदनाशामक, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांना मारतं. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं गेली होती. एकेक पिल्लू मोलाचं आहे.

देवगडहून: माझं गव्हाणी घुबड वाचलं नाही. धडपडत होतं म्हणून चमच्यानं चोचीत पाणी ओतलं, ते श्वासनलिकेत गेलं असणार. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, काही न पाजता ठेवायचं होतं. कुणी सांगितलं असतं तर.

देवगडच्या ताईंना: मलाही कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बूबीचं वजन काल वाढलंय. स्वतःहून दोन तारल्या खाल्ल्या म्हणे. पिसांत मात्र अजून पाणी मुरतंय.