मदत हवी आहे: मंगळ-सिम्युलेशन मोहिमेचा प्रस्ताव परत आला, क्रू-टाइमचं गणित कुठं चुकलं?

उलटगणती
परीक्षकांचा शेरा दोनच ओळींचा: 'क्रू-टाइम अवास्तव. हे हॅबमध्येच का करायचं ते कळत नाही.' हॅब म्हणजे मंगळावरच्या तळासारखं बंद घर. विषय पृथ्वीशी संपर्काला लागणाऱ्या विलंबाचा क्रूच्या सतर्कतेवर परिणाम. पीव्हीटी (खूण दिसताच बटण दाबायची सतर्कतेची चाचणी) रोज दोनदा, तीन-तीन मिनिटं, म्हणजे दिवसाला ३६ मिनिटं. यात अवास्तव काय? शुक्रवारी सुधारून द्यायचाय. 'प्रस्ताव पुन्हा वाचा' असं कृपया सांगू नका, पाठ झालाय.

लाल_धूळ
किती दिवस? हॅब कुठलं? विलंब किती, आणि तो एकेरी की जाऊन-येऊन? ३६ वरून सहा जण धरतोय, तेही तुम्ही लिहिलेलं नाही.

काटेकोर
३६ इथंच गडबड आहे. चाचणी तीन मिनिटांची खरी, पण हातातलं काम सोडणं, शांत जागी बसणं, टॅब सुरू करणं, फाइल सेव्ह झाली का बघणं याला चार मिनिटं सहज जातात. सहा जण, दोनदा, सात मिनिटं: ८४. मोहीम १४ दिवसांची असेल तर सुरुवातीचे दोन दिवस हॅब समजून घेण्यात आणि शेवटचे दोन आवराआवरीत जातात. उरले दहा, म्हणजे ८४० मिनिटं, १४ क्रू-तास. ते ईव्हीए (स्पेससूट घालून बाहेर जाणं), स्वयंपाक आणि इतरांच्या प्रयोगांतूनच कापले जाणार.

तक्ता असा करा: काम, कोण करणार, तयारीसकट मिनिटं, किती वेळा, कोणत्या दिवशी, आणि हुकलं तर काय. शेवटचा रकाना बहुतेक प्रस्तावांत रिकामा असतो आणि परीक्षक आधी तोच बघतात.

सकाळची चाचणी उठल्याउठल्या ठेवू नका, झोपेचा अंमल मोजला जाईल. निदान अर्धा तास जाऊ द्या. कॅफिनची वेळ नोंदवा. टचस्क्रीनचा स्वतःचा विलंब असतो आणि तो दर उपकरणाला वेगळा, म्हणून प्रत्येकाला शेवटपर्यंत एकच उपकरण. तीन मिनिटांच्या पीव्हीटीला लॅप्सची (उशिरा आलेल्या प्रतिसादाची) मर्यादा ३५५ मिलिसेकंद, ५०० ही दहा मिनिटांच्या चाचणीची. प्रस्तावात कुठली लिहिलीय ते तपासा.

हिरवं_पान
विलंब-बिलंब सोडा हो. मायक्रोग्रीन्स लावा. दोन ट्रे, एलईडी पट्टी, दिवसाला दहा मिनिटं, आणि मोहीम संपायच्या आत काढणी. पाणी खालून द्या, वरून शिंपडलंत तर बंद हॅबमध्ये बुरशी धरते.

लाल_धूळ
@हिरवं_पान, शुक्रवारपर्यंत विषय बदलायचा? धागालेखकाने हे विचारलेलंच नाही.

उलटगणती
सहा जण, १४ दिवस, विलंब दहा मिनिटं एकेरी, अख्खी मोहीमभर. हॅब वाळवंटातलं, एवढं पुरे. दुसऱ्या शेऱ्याबद्दल कोणी बोलेल का?

लाल_धूळ
अख्खी मोहीमभर विलंब असेल तर तुलना कशाशी करणार? नवव्या दिवशी प्रतिसाद मंदावला तर तो विलंबामुळे की झोप कमी झाल्यामुळे? तीन दिवस विलंब, दोन दिवस बिनविलंब, पुन्हा तीन, पुन्हा दोन असे आलटून-पालटून टप्पे घ्या. प्रत्येक जण स्वतःचाच नियंत्रण-गट होतो. आणि सहा जणांवर साधी टी-टेस्ट लिहू नका, माणूसनिहाय आलेख आणि मिश्र-परिणाम मॉडेल (माणसामाणसातला फरक वेगळा धरणारं) लिहा.

विलंबित
असहमत. मंगळ तीन दिवसांनी शेजारी येऊन बसत नाही. खरा एकेरी विलंब साधारण ३ ते २२ मिनिटांमध्ये, तोही महिनोन्‌महिने हळूहळू बदलतो. हवाईतल्या हाय-सीज या मंगळ-हॅबमध्ये एकेरी २० मिनिटं ठेवत. चालू-बंद केलंत की क्रू प्रश्न साठवून ठेवतो आणि बिनविलंब दिवसाची वाट बघतो. त्यापेक्षा दोन क्रू घ्या, एक विलंबाचा, एक बिनविलंबाचा.

लाल_धूळ
दोन क्रू म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) बारा नव्हे, दोन. माणसं वेगळी, हवामान वेगळं, कमांडर वेगळा. प्रश्न साठवणं हा मुद्दा मात्र मान्य. वेळापत्रक क्रूला आधी सांगू नका आणि खाली सांगतोय ते बिघाडाचं काम त्याच दिवशी संपवायचं ठेवा.

मुळात साधनच चुकलंय. पीव्हीटी झोपेची तूट पकडते, विलंबाचा तिच्याशी थेट संबंध नाही. विलंब दिसतो तो जमिनीवरच्या सल्ल्याशिवाय अडणाऱ्या कामात. उदा. पंपात मुद्दाम ठेवलेला बिघाड. दुरुस्तीला लागलेला वेळ, पाठवलेले संदेश, पुन्हा विचारलेले प्रश्न मोजा, नंतर नासा-टीएलएक्स या कामाचा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या सहा पट्ट्या भरून घ्या. पीव्हीटी दिवसातून एकदाच, झोपेचा परिणाम वेगळा काढण्यापुरती. ते क्रू-तास १४ वरून ७ वर येतात, त्यातले काही या कामाला वापरा.

दुसऱ्या शेऱ्याचं उत्तरही इथंच आहे. नुसता विलंब कुठल्याही दोन खोल्यांत बसून तपासता येतो. थकलेला क्रू, तीच तीच माणसं, बिघडलेल्या यंत्रावर खरोखर अवलंबून असणं, हे हॅबशिवाय मिळत नाही असं स्पष्ट लिहा.

टाइमस्टँप
'मेल दहा मिनिटांनी वाचायची' म्हणजे विलंब नव्हे. सर्व्हरवर रांग लावा, प्रत्येक संदेशाला पाठवल्याची आणि सोडल्याची वेळ, दोन्ही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत). जोडलेल्या फाइलींनाही तोच नियम. खाजगी फोन ही सगळ्यात मोठी गळती. सुरक्षेचा मार्ग मात्र बिनविलंबच हवा, त्याचा प्रत्येक वापर नोंदवा.

सहा_अंश
स्नायूंची झीज अभ्यासायची असेल तर हॅब निरुपयोगी, डोकं ६ अंश खाली ठेवून बेड-रेस्ट लागते.

टाइमस्टँप
कोणी विचारलं?

उलटगणती
मस्त, हे जमेल. कमांडर मीच आहे, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न नाही.

काटेकोर
थांबा. कमांडरही तुम्ही आणि मुख्य संशोधकही? हे पहिल्या पानावर हवं. हाताखालचा माणूस तुम्हाला नाही कसं म्हणणार? संमती बाहेरच्या व्यक्तीने घ्यावी, माघार तिलाच कळवायची, आणि मोहीम संपेपर्यंत वैयक्तिक आकडे तुम्हाला दिसता कामा नयेत. सहा जणांत नावं काढून भागत नाही, वय आणि भूमिका लिहिली की माणूस ओळखू येतो. एथिक्स कमिटीची मंजुरी कधीची आहे?

उलटगणती
त्याची काय गरज? रक्त थोडंच काढतोय.

काटेकोर
माणसांवर अभ्यास आहे, लागतेच. शुक्रवारपर्यंत मिळणार नाही. 'अर्ज दाखल, मंजुरी प्रलंबित' चालतं का ते हॅबवाल्यांना आजच विचारा. मंजुरीआधी एकही आकडा गोळा करायचा नाही, बेसलाइन म्हणजे मोहिमेआधीच्या तुलनेच्या नोंदीसुद्धा.

उलटगणती
बेसलाइन कालपासून सुरू केलीय. ती चालेल ना?

काटेकोर
नाही. लगेच थांबवा. नोंदी खोडू नका, बाजूला ठेवा, विश्लेषणात घेऊ नका, आणि गोळा झाल्याचं कमिटीला स्वतःहून कळवा.

हिरवं_पान
रोपांना संमतीपत्र लागत नाही, एवढंच म्हणतोय.