डी.एल.एड.च्या वर्गासाठी विज्ञानाच्या कृती सुचवा (इंदूर, ५० छात्राध्यापिका, प्रयोगशाळा नाही)

शुभदा_सुदामानगर

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका खासगी कॉलेजात डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेच्या) मुलींना पर्यावरण अध्ययन आणि विज्ञान शिकवायला यंदापासून लागले आहे. वर्गात ५० जणी. बहुतेकींनी दहावीनंतर विज्ञान सोडलं, बारावी आर्ट्सने केली. पुढे यातल्या कितीतरी जणी सांवेर, देपालपूर, महूकडच्या सरकारी शाळांत पहिली ते पाचवीला शिकवतील, म्हणून हा वर्ग मला फार महत्त्वाचा वाटतो.

अडचण अशी. टी.एल.एम. (शिकवण्याचं साहित्य) म्हटलं की थर्माकोल आणि चकचकीत कागद येतो. प्रयोग म्हटला की फाइल येते आणि त्या फाइलमध्ये निष्कर्ष आधीच लिहिलेला असतो. प्रयोग करून कुणी काही ठरवलं आहे असं होतच नाही. मला अशा कृती हव्यात ज्या या मुली स्वतःच्या हाताने करतील आणि इंटर्नशिपला गेल्यावर शाळेतही करू शकतील. एक नळ आहे, टेबलं आहेत, ४० मिनिटांचा पीरियड आहे, कधी दोन सलग मिळतात. शिकवणं हिंदीतून असतं.

काय करावं, कशाने सुरुवात करावी?

रामबागकर

कागद, पुठ्ठा, बटर पेपर वगैरे खजुरी बाजारात एकगठ्ठा घ्या. तुरटी, मेण, खायचा सोडा सियागंजमध्ये किलोने मिळेल. एल.ई.डी., तारा, छोटे चुंबक जेल रोडला. थर्मामीटर घ्याल तर लाल द्रवाचेच घ्या, पाऱ्याचे वर्गात नकोत. आणि थर्मामीटर आणलेत की त्यांना पाणी उकळून वाचायला सांगा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पुस्तकात १०० वाचलेल्या मुली थर्मामीटर खराब आहे म्हणतील. ती चर्चा होऊ द्या.

निवृत्त_प्रशिक्षक

शुभदाताई, तुमचा प्रश्न वाचून मनापासून बरं वाटलं. मी आयुष्यभर शिक्षकांच्या प्रशिक्षणातच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याच प्रदेशात याचा मोठा दाखला आहे. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ माध्यमिक (सहावी ते आठवीच्या) शाळांमध्ये सुरू झाला (आता तो जिल्हा नर्मदापुरम). किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो सुरू केला, १९८२ पासून एकलव्य या संस्थेने सांभाळला, २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. मुलं चार-चारच्या टोळीत प्रयोग करायची आणि पुस्तकात उत्तर छापलेलं नसायचं. पण त्याहून मोलाची गोष्ट प्रशिक्षणातली: मुलांना जो प्रयोग करायचा तो प्रत्येक शिक्षकाने आधी स्वतः केलेला असे, अडलेला असे, त्यावर भांडलेला असे. तुमच्या वर्गात हेच घडायला हवं. कृती थोड्या निवडा, पण प्रत्येकीत मुलींचा स्वतःचा अंदाज पणाला लागू द्या.

सुरुवात विजेने करा. प्रत्येक चौघींना एक सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि तारेचा एकच तुकडा. बल्बचा होल्डर द्यायचा नाही. हात लावण्याआधी प्रत्येकीने कागदावर चित्र काढायचं: बल्ब कसा पेटेल? बऱ्याच जणी सेलच्या एका टोकापासून बल्बच्या बुडापर्यंत तार काढतील, जणू नळातून बादलीत पाणी सोडायचं आहे. मग करून पाहायचं. पेटत नाही. तार उलटसुलट लावतात, तरी नाही. शेवटी एखादीला सापडतं की बल्बचं बूड सेलच्या एका टोकाला टेकवायचं आणि तार दुसऱ्या टोकापासून बल्बच्या धातूच्या अंगाला लावायची. तेव्हा तिला कळतं की बल्बला दोन जागा आहेत आणि वीज आत शिरून बाहेरही पडते. हे तुम्ही फळ्यावर सांगितलंत तर सगळ्या मान डोलावतील आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच चित्र काढतील. तुम्ही गप्प राहायचं, एवढंच अवघड काम आहे.

बाजारात आता टॉर्चचे तारेचे बल्ब शोधावे लागतात. एल.ई.डी. वापरणार असाल तर लक्षात ठेवा, एका सेलवर तो सहसा पेटत नाही, दोन लागतात आणि उलटा लावला तरी पेटत नाही. म्हणून पहिल्या दिवशी जुना बल्बच हवा. आणि सेलच्या दोन टोकांना नुसती तार धरून ठेवू नका, चटका बसतो.

दुसरी कृती मेणबत्तीची, पण वेगळ्या कारणासाठी. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. खूप ठिकाणी छापलेलं असतं की हवेतला प्राणवायू संपला, तो एक पंचमांश होता, म्हणून तेवढं पाणी चढलं. तुमच्या मुलींनी हेच पाठ केलेलं असेल. त्यांना दोन गोष्टी नीट पाहायला लावा. एक, ग्लास ठेवताना काठाखालून बुडबुडे निघतात का. दोन, पाणी जळताना जास्त चढतं की विझल्यावर. मग त्याच ग्लासाखाली एकाऐवजी चार मेणबत्त्या ठेवा. पाणी जास्त चढेल. ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच, मग पाणी जास्त का? तापलेली हवा फुगून बाहेर गेली, ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसली, म्हणून बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. खरं तर मेणबत्ती विझते तेव्हा आत बराच प्राणवायू शिल्लक असतो. छापलेलं उत्तर प्रयोगाने तपासता येतं हे उद्याच्या शिक्षिकेने एकदा स्वतः अनुभवलं, की ती वर्गात मुलांचा प्रश्न दाबणार नाही.

मीनल_देवास

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. काकांचं सगळं पटलं, फक्त तिसरीच्या मुलांसमोर मेणबत्तीचं स्पष्टीकरण नको. तिसरीला ग्लासात कागदाचा बोळा घट्ट बसवून ग्लास उलटा पाण्यात बुडवा, कागद कोरडा राहतो. हवा जागा व्यापते एवढंच पुरे, आणि ते त्यांना फार आवडतं.

शुभदाताई, मला प्रशिक्षणात कुणी बी रुजवण्याचा प्रयोग नीट करून घेतला असता तर किती उपयोग झाला असता! आमच्या फाइलमध्ये होतं: बीजाला रुजायला पाणी, हवा आणि प्रकाश लागतो. मूग किंवा मेथी रात्रभर भिजवून ओल्या कापडात घ्या, एक वाटी उजेडात, एक अंधाऱ्या कपाटात. दोन्हीकडे मोड येतात. स्वयंपाकघरात मटकीला मोड आणणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे, तरी परीक्षेत आपण प्रकाश लिहितो. नंतर अंधारातलं रोप पिवळं, लांबट होतं आणि उजेडातलं हिरवं, तेव्हा प्रकाशाचं काम काय तेही दिसतं. यात मुलींना एक शिस्त कळते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी दोन्हीकडे सारखं, वाटी सारखी, बियाही सारख्याच.

तरंगणं-बुडणंही घ्या. मातीची पणती पाण्यावर तरंगते, तिचाच तुकडा बुडतो. सालीसकट संत्रं तरंगतं, सोललेलं बहुधा बुडतं. पैसा लागत नाही, आणि ‘जड ते बुडतं’ म्हणणाऱ्या सगळ्याच थबकतात.

शुभदा_सुदामानगर

काका, मीनलताई, खूप आभार. मेणबत्तीबद्दल विचारायचं होतं. ५० मुली, ओढण्या, पंखे. प्रत्येक टोळीला ज्योत देण्याची माझी हिंमत होत नाही.

निवृत्त_प्रशिक्षक

देऊ नका. एक ताटली पुढच्या टेबलावर, दोन मुली करतील, ओढण्या बांधून, पंखे बंद. बाकीच्या अंदाज लिहितील आणि बुडबुडे, वेळ, पाण्याची उंची यांची नोंद ठेवतील. हाताने करणं म्हणजे प्रत्येक वेळी आगीशी खेळणं नव्हे. शाळेतही पेटवणं शिक्षिकेनेच करायचं, हे त्याच तासाला ठरवून घ्या.

शंकू

सावलीची कृती कुणी लिहिली नाही म्हणून सांगतो. १ मीटरची काठी मोकळ्या जागेत उभी रोवा. ओळंब्याने सरळ करा. मुलींना विचारा, सावली सगळ्यात लहान कधी होईल? ‘१२ वाजता’ असं उत्तर येईल, आणि ‘१२ वाजता सावली नसतेच’ असंही येईल. १२ ते १ मध्ये दर पाच मिनिटांनी टोकाला खूण करायला लावा. इंदूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे इथे खरा मध्यान्ह सरासरी १२:२७ च्या सुमारास येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४० च्या आसपास.

आणि सावली नाहीशी होते ती वर्षातून फक्त दोनदा, कारण आपण कर्कवृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला आहोत: साधारण ६-७ जून आणि ५-६ जुलै. जुलैत ढग असतात, जूनमध्ये सुट्टी, पण मुलींना घरच्या अंगणात करता येईल. २२ डिसेंबरला मात्र १ मीटरच्या काठीची मध्यान्हीची सावली १ मीटरहून किंचित जास्त भरते. ही कृती एकाच दिवशी उरकू नका. दर महिन्याला एकदा खूण करा, वर्षभराचा तक्ता मुलींच्या हाताने तयार होईल. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे आधी बजावा. सहल निघाली तर उज्जैनच्या जंतर-मंतरमधला शंकू यंत्राचा ओटा दाखवा. घरची काठी आणि ते यंत्र एकच काम करतात हे तिथे लगेच कळतं.

काळी_माती

इंदुरात आहात तर खत सोडू नका! ‘इंदूर पद्धत’ हे नाव जगभर शेतीच्या पुस्तकांत आहे ते इथल्याच कामामुळे. १९२४ साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, माती आणि राख थरांत रचून, ठरावीक काळाने उलथून खत करण्याची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये ती पुस्तकरूपात मांडली. वाडांचं नाव आपल्या मुलींना माहीतच नसतं, याचं मला फार वाटतं.

वर्गात दोन जुन्या कुंड्या घ्या. दोन्हीत सारखाच ओला कचरा, सुकी पानं, थोडं शेण आणि माती. एक दर आठवड्याला उलथायची, एक तशीच ठेवायची. वास, रंग आणि उंचीची नोंद. मोठ्या ढिगासारखी कुंडी तापणार नाही, पण फरक दिसतो. आपल्या शहरात ओला-सुका कचरा वेगळा करणं लहान मुलालाही पाठ आहे, त्यापुढे ओल्या कचऱ्याचं काय होतं हे शाळेत दाखवायला यापेक्षा सोपं काही नाही.

आणखी एक, अगदी छोटं: काड्यापेटीच्या दोन खोक्यांत एकात ओली काळी माती, दुसऱ्यात ओली वाळू भरून उन्हात ठेवा. वाळल्यावर काळी माती कडांपासून सुटते, तिला भेगा पडतात. वाळूचं तसं होत नाही. माळव्यातल्या शेतात उन्हाळ्यात भेगा का पडतात, हे गावची मुलं घरी जाऊन सांगतील.

शुभदा_सुदामानगर

ठरलं. आधी बल्ब, मग मूग-मेथी, मेणबत्ती पुढच्या टेबलावर, आणि काठी व कुंड्या वर्षभर. शेवटचा प्रश्न: गुण कशाला द्यायचे? फाइलला दिले तर पुन्हा निष्कर्ष घरूनच लिहून येतील.

मीनल_देवास

फाइलमध्ये अंदाज, निरीक्षण आणि ‘आता मला काय वाटतं’ असे तीनच रकाने ठेवा. अंदाज पेनाने, तासाच्या सुरुवातीला, तुमची सही घेऊन. चुकलेल्या अंदाजाचा एकही गुण कापायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा. तोंडी परीक्षेत आधी न हाताळलेली वस्तू हातात द्या, दोन सेल आणि एक एल.ई.डी. दिला तरी चालेल, आणि मुलगी काय करून पाहते ते बघा.

निवृत्त_प्रशिक्षक

मीनल, अगदी बरोबर. होशंगाबादच्या परीक्षेतही प्रयोग करून दाखवायचा भाग असे आणि लेखी पेपरला पुस्तक उघडं चाले. शुभदाताई, बल्ब जेल रोडला मिळाले नाहीत तर एखाद्या जुन्या सायकल-टॉर्च दुरुस्तीवाल्याकडे विचारा, आणि घेताना चार जास्तीचे घ्या.