बी विंग ग्रुप: नाकातला न्यूमोकोकस

बी-४०२ काका: ज्या मुलाच्या नाकाच्या स्वॅबमध्ये न्यूमोकोकस (न्यूमोनिया करू शकणारा जंतू) आलाय, तो आजही खाली खेळतोय. लक्षणं नाहीत म्हणे! प्ले एरिया बंद करा.

सेक्रेटरी: कुणाचेही रिपोर्ट ग्रुपवर नकोत 🙏

ए-१०३ डॉक्टरताई: काका, पाच वर्षांखालच्या कितीतरी मुलांच्या नाकात तो असतोच. एक सेरोटाइप (जंतूचा उपप्रकार) जातो, दुसरा येतो. हे कॅरेज झालं, म्हणजे जंतू नाकात नुसता राहणं; न्यूमोनिया नव्हे.

सी-२०१: मग जंतूंशी लढणाऱ्या पेशी काय झोपल्यात?

एफ-५०१: त्या मेंटेनन्स कमिटीत असतील 😄

सेक्रेटरी: विषयावर बोला.

ए-१०३ डॉक्टरताई: इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या प्रयोगांत निरोगी प्रौढांच्या नाकात मुद्दाम ६बी सेरोटाइप सोडला. साधारण निम्म्यांत तो टिकला. नाकात मोनोसाइट्स (रक्तातून येणाऱ्या संरक्षक पांढऱ्या पेशी) जमले आणि जंतू हटवायला त्यांचीच मदत झाली. फुफ्फुस धुऊन काढलेले मॅक्रोफेजही (जंतू गिळणाऱ्या पेशी) जंतू जास्त गिळत होते, तेही पुढे तीनेक महिने. कारण नाकातले थोडे जंतू गुपचूप खाली उतरत असतात.

बी-४०२ काका: प्ले एरिया बंद करा.

डी-६०४: स्वॅब घेतला कुठून? नाकपुडीच्या तोंडाशी फिरवून भागत नाही, मागे नेझोफॅरिंक्सपर्यंत, म्हणजे नाकामागच्या घशापर्यंत, न्यावा लागतो. मग जंतू वाढवायला जेंटामायसिन (इतर जंतू रोखणारं अँटिबायोटिक) घातलेलं ब्लड अगर, म्हणजे रक्त मिसळलेली जेली, आणि ५% कार्बन डायऑक्साइड. ऑप्टोचिन हे रसायन न्यूमोकोकसची वाढ रोखतं; त्याच्या ५ मायक्रोग्रॅमच्या ६ मिमी चकतीभोवती जंतू न वाढलेला किमान १४ मिमी झोन हवा. त्याहून कमी आला तर बाइल सोल्युबिलिटी (जंतू पित्तक्षारात विरघळतो का ही चाचणी) करायचीच, नाहीतर साधा व्हिरिडन्स (त्याच्यासारखा दिसणारा तोंडातला जंतू) न्यूमोकोकस म्हणून खपतो.

सी-२०१: एवढं कशाला? सगळ्या मुलांना अँटिबायोटिक देऊन टाका.

ए-१०३ डॉक्टरताई: अजिबात नको. औषधाला दाद न देणारे तेवढे उरतील आणि मोकळ्या जागेत तेच वाढतील.

बी-४०२ काका: म्हणजे धोका शून्य? लेखी द्या.

ए-१०३ डॉक्टरताई: शून्य कोण म्हणालं? फ्लूसारखा व्हायरस आला की नाकातले जंतू वाढतात. नाकात फवारायच्या जिवंत फ्लू लशीनंतरसुद्धा मोनोसाइट्सची भरती मंदावलेली दिसली आहे. म्हणून सर्दीनंतर ताप आणि धाप यांवर लक्ष ठेवा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त भरले, तर लगेच दाखवा.

बी-४०२ काका: तोवर प्ले एरिया बंद ठेवा.

एफ-५०१: काका, पार्किंगचा राग मुलांवर नको.

बी-४०२ काका: त्याचा इथे संबंध नाही.

सी-२०१: ताई, १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर?

ए-१०३ डॉक्टरताई: नाही. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही. पूर्ण मिनिट, मूल शांत असताना. रडताना आलेला आकडा धरू नका.