पहिलंच मोठं स्नो स्टॉर्म येतंय, घरात आईबाबा आणि ८ महिन्यांचं बाळ. काय तयारी करू?

नवा_एडिसनकर:
नमस्कार मंडळी. आम्ही जुलैमध्ये टेक्सास नाही, कॅलिफोर्निया नाही, डायरेक्ट नाशिकहून न्यू जर्सीला आलो आणि ऑक्टोबरमध्ये भाड्याने स्वतंत्र घर घेतलं. आत्तापर्यंत दोनदा ३-४ इंच बर्फ पडला, फोटो काढले, गावाला पाठवले, मजा वाटली. आता शनिवार-रविवारसाठी विंटर स्टॉर्म वॉच (बर्फाच्या वादळाची शक्यता सांगणारा इशारा) आलाय, १२ ते १८ इंच आणि जोराचा वारा म्हणतायत, आणि ऑफिसमधले सगळे ब्रेड-दूध आणायला पळालेत. घरात आम्ही दोघं, ८ महिन्यांची मुलगी आणि आईबाबा (सहा महिन्यांसाठी आलेत, बाबांना डायबेटिस, इन्सुलिन चालू आहे).

माझे प्रश्न असे की खाण्यापिण्याचं किती भरून ठेवायचं, आमचं हीटिंग गॅसवर आहे म्हणजे लाइट गेली तरी थंडीची चिंता नाही असं मी धरून चाललोय ते बरोबर ना, आणि तिसरं म्हणजे बाबा म्हणतायत की काही काळजी करू नको, गॅरेजमध्ये बार्बेक्यूचे कोळसे आहेत, लाइट गेलीच तर घमेल्यात पेटवून खोलीत ठेवू, आम्ही गावाला थंडीत शेगडीवरच रात्री काढल्यात. मला ते जरा धोक्याचं वाटतंय पण नक्की सांगता येईना आणि बाबांशी वाद कोण घालणार.

जर्सीकर_काका:
वाद घालाच. आधी कोळशाचं बोलू, बाकीचं नंतर.

गावाकडचं घर कौलारू, दाराखाली बोटभर फट, खिडक्या कधी नीट बसल्याच नाहीत, म्हणून निभावलं. तरी तिकडेही बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतातच. इकडची घरं तर वारा आत येऊ नये म्हणूनच बांधलेली असतात. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही, डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं प्रवासाचा थकवा असेल आणि तो झोपतो, संपलं. कोळसे, बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टो, जनरेटर यातलं काहीही घरात नाही आणि गॅरेजमध्येही नाही, शटर उघडं ठेवलं तरी नाही. जनरेटर असेल तर घरापासून किमान २० फूट लांब, खिडक्यांकडे धूर येणार नाही असा. आज घरी गेल्या गेल्या कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर बघा, बॅटरीवर चालतो का, टेस्टचं बटण दाबल्यावर ओरडतो का, आणि मागे तारीख असते ती उलटून गेली असेल तर नवा आणा.

आता तुमच्या हीटिंगचं. गॅसवर आहे हे खरं पण गरम हवा घरभर ढकलणारा पंखा आणि थर्मोस्टॅट विजेवरच चालतात, म्हणजे लाइट गेली की फर्नेस (घर तापवणारी भट्टी) बंद. हे मला इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं, तेही अंधारात. आणि लाइट असतानाचा एक धोका कोणी सांगत नाही. नव्या फर्नेसचे पांढरे प्लास्टिकचे पाइप घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर निघतात, जमिनीपासून फार उंच नसतात, वाऱ्याने बर्फ तिथे साचला की फर्नेस बंद तरी पडते नाहीतर धूर आत मारते. आत्ता कोरडं असताना ते कुठे आहेत बघून ठेवा आणि वादळात दर काही तासांनी तिथला बर्फ काढा. २०१६ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये २७.५ इंच पडला तेव्हा इकडेही तेच, मी रात्री पायजम्यावर जाड जॅकेट घालून भिंतीशी उकरत होतो आणि शेजारी विचारत होता काय हरवलं.

बर्फ काढायचं काम बाबांना देऊ नका, कितीही धडधाकट असले तरी. ओला बर्फ भयंकर जड असतो, थंडीत एकदम जोर लावल्यावर दरवर्षी लोकांना हार्ट अटॅक येतात. तुम्हीही सगळा पडून होईपर्यंत थांबू नका, ५-६ इंच झाला की एक हात मारा, परत आत, परत नंतर. उचलून फेकण्यापेक्षा ढकला. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायचं मीठ आजच आणा, शनिवारी दुकानात फक्त रिकामा रॅक असेल. साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइडवालं लागतं. फुटपाथ किती तासांत साफ करायचा याचा प्रत्येक गावाचा नियम वेगळा आहे, टाउनशिपच्या साइटवर बघा, आणि भाड्याचं घर म्हणजे ते काम मालकाचं की तुमचं हे लीजमध्ये वाचा.

पुणेरी_चष्मा:
आम्ही इथे ११ डिग्रीला कानटोपी घालून बसलोय आणि तुम्ही १८ इंच म्हणताय. ब्रेड-दूध-अंडी आणायला पळणारे लोक तीन दिवस नुसते फ्रेंच टोस्ट खातात का हा माझा जुना प्रश्न आहे.

डॅलसची_माऊ:
चष्मेवाले, देशी लोक तेव्हा पटेलच्या देशी किराणा दुकानात कोथिंबीर आणि दहा किलो आटा घ्यायला पळतात, आटा घेऊन करायचं काय, लाइट गेल्यावर इलेक्ट्रिक शेगडीवर पोळी होते का :)

एडिसनकर, मी २०२१ च्या फेब्रुवारीत डॅलसजवळ होते, तुमच्याकडे टेक्साससारखं होईल असं नाही कारण आमचा पॉवर ग्रिड जवळजवळ स्वतंत्र आहे, शेजारच्या राज्यांकडून वीज मिळायची सोय फार थोडी, आणि त्या थंडीत गॅसच्या विहिरी, वीजकेंद्रं सगळं एकदम गोठलं. पण घरात काय होतं ते सारखंच असतं म्हणून सांगते. १५ तारखेला सोमवारी पहाटे लाइट गेली, आधी सांगितलेलं की आळीपाळीने थोडा वेळ जाईल, आमची गेली ती बुधवारी दुपारी आली. ४५ लाखांवर घरं-दुकानं अंधारात होती, सरकारी आकड्यानुसार २४६ माणसं गेली आणि त्यात कार्बन मोनॉक्साइडनेही गेली, काकांनी सांगितलंय ते अगदी खरं आहे, लोकांनी ऊब मिळावी म्हणून गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या होत्या. मंगळवारी बाहेर उणे २ फॅरनहाइट. घरात ४२ फॅरनहाइट झालं होतं.

आम्ही काय केलं तर सगळं घर सोडून एकच खोली धरली, आतल्या बाजूची, खिडकी लहान असलेली. गाद्या जमिनीवर, दाराखाली टॉवेल, खिडकीला ब्लँकेट, आणि मुलांचा खेळायचा तंबू गादीवर लावून त्यात मुलं. सासूबाईंनी पाठवलेल्या दोन गोधड्या चार वर्षं सूटकेसमध्ये पडून होत्या, मी नाक मुरडायचे की इकडे कम्फर्टर असताना कशाला, त्या तीन रात्रींत मी फोन चार्ज झाल्यावर पहिला कॉल त्यांना केला.

पाइपचं नीट ऐका. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो, पण फुटलेला कळतो तो बर्फ वितळल्यावर. आमच्या वरच्या मजल्यावरचे लोक हॉटेलात गेले होते, गुरुवारी ऊन पडलं आणि त्यांच्या सीलिंगमधलं पाणी आमच्या हॉलमध्ये. म्हणून बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेवा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी (बाळ रांगत असेल तर आधी साबण-फिनेल तिथून हलवा), बागेच्या नळाचा होस काढून आतून त्याचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि घराचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवा, आईंनाही. आम्हाला तो शोधायला वीस मिनिटं लागली, तोवर कार्पेट गेलं होतं.

खायचं म्हणाल तर न शिजवता होणारं ठेवा. दडपे पोहे! पातळ पोहे, कांदा, खोबरं, लिंबू, गार फोडणी जमली तर ठीक नाहीतर नुसतं कच्चं तेल. सातूचं पीठ, भडंग, शेंगदाण्याचे लाडू, केळी, पीनट बटर. वादळाच्या आदल्या दिवशी दशम्या करून ठेवा, दोन दिवस मऊ राहतात. तुमची स्वयंपाकाची शेगडी गॅसची असेल तर वरचे बर्नर बहुतेक काडीने पेटवता येतात, स्वयंपाक करा पण घर तापवायला ते किंवा ओव्हन लावून बसू नका. थर्मास जेवढे असतील तेवढे लाइट असताना गरम पाण्याने भरा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, तीन दिवसांचं तरी. टब भरून ठेवा, फ्लशला होतो, पण बाळ घरात आहे म्हणून बाथरूमचं दार बंदच.

बफेलोवाला:
थोडक्यात लिहितो. २०२२ च्या ख्रिसमसला आमच्याकडे बफेलोला (न्यूयॉर्क राज्य) एअरपोर्टवर ५१.९ इंच मोजला, ब्लिझार्ड (बर्फाचं वादळ) दीड दिवस चालला. आमच्या काउंटीत चाळीसहून जास्त माणसं गेली, काही गाडीत अडकून. अँब्युलन्स आणि फायरचे ट्रकही रस्त्यात अडकले होते. म्हणून सुरू झाल्यावर "पटकन जाऊन येतो" हा प्रकार नाही, दूध संपलं तरी नाही.

गाडीची टाकी भरा. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, पाणी. चुकून अडकलातच तर गाडी सोडून चालायला लागू नका, आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाचा बर्फ काढा, नाहीतर तोच गॅस आत येतो. घरी फोन चार्ज करायला गाडी चालू केली तरी हेच, आणि गॅरेजबाहेर.

गाडीचे वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून उभे करून ठेवा.

जर्सीकर_काका:
वायपर वाऱ्यात उभे ठेवू नका, माझा एक काच फोडून गेलाय.

बफेलोवाला:
काका, आमचे अकरा हिवाळे उभे आहेत.

दोन_पोरांची_आई (पिट्सबर्ग):
बाळाचं आणि इन्सुलिनचं कोणी बोललं नाही म्हणून. थंडी पडली तरी क्रिबमध्ये सुटी पांघरुणं, गोधडी, उशी नको, तोंडावर येते. आत दोन थर कपडे आणि वरून घालायची झोपायची पिशवी मिळते ती. सगळे एका गादीवर झोपणार असाल तरी बाळ शेजारी, स्वतःच्या जागेत. कार सीटमध्ये जाड फुगीर जॅकेट घालून बसवू नका, पट्टे सैल राहतात, पट्टे लावून वरून ब्लँकेट टाका. फॉर्म्युला देत असाल तर पाणी न घालावं लागणारा तयार बाटलीतला चार-पाच दिवसांचा आणा, पाणी गरम करायची भानगड नाही.

बाबांचं इन्सुलिन. लाइट गेल्यावर लोक हुशारीने बर्फात नेऊन ठेवतात, ते करू नका, एकदा गोठलं की फेकून द्यायचं. फ्रिज न उघडता चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर ४८ तास. चालू असलेलं पेन बहुतेक घरातल्या तापमानाला काही आठवडे टिकतं पण त्यांचं नेमकं कुठलं आणि किती दिवस ते उद्या फार्मसीत विचारून घ्या. औषधं भारतातून आणलेली असतील तर किती उरलीत तेही आत्ताच मोजा. त्यांच्या बुटांना खालून लावायचे रबरी काटे मिळतात, वीसेक डॉलर, आजीआजोबांचा व्हिजिटर इन्शुरन्स आणि काळा बर्फ (रस्त्यावरचा न दिसणारा पातळ निसरडा थर) यांची गाठ पडू देऊ नका.

नवा_एडिसनकर:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुठेच एकत्र मिळालं नव्हतं. बाबांना काकांची आणि डॅलसच्या ताईंची कमेंट मोठ्याने वाचून दाखवली. काही बोलले नाहीत पण थोड्या वेळाने कोळशाची पिशवी बाहेरच्या शेडमध्ये नेऊन ठेवलेली दिसली. डिटेक्टर होता, भिंतीवर छान होता, आत बॅटरीच नव्हती! आधीच्या भाडेकरूंनी काढली असणार, पीपी करत असेल म्हणून. तारीखही गेलेली, नवा आणला. मेन व्हॉल्व्ह वॉटर हीटरच्या मागे सापडला, लाल रंगाचा, बायकोने त्याला लेबल लावलंय. मीठ शेवटची दोन पोती मिळाली.

नवा_एडिसनकर (सोमवार):
अपडेट. १४ इंच झाला. लाइट फक्त चाळीस मिनिटं गेली, तीही रविवारी दुपारी. फर्नेसचे पाइप रात्री ११ ला आणि पहाटे ५ ला उकरले, पहाटे खरंच निम्मे झाकले गेले होते. बाबा खिडकीतून टॉर्च धरून सूचना देत होते. दडपे पोहे लाइट असतानाच संपले, खोबरं फ्रोझन होतं पण चाललं. एक वायपर उभा ठेवला होता आणि एक आडवा, दोन्ही शाबूत आहेत.