रोजची उपकारस्तुती: तुमच्या घरी कशी होते?

आमच्याकडे रात्री जेवणाआधी प्रार्थना सासूबाई करतात. 'आजचा दिवस दाखवलास, अन्नवस्त्र दिलंस, तुझे उपकार मानतो.' वीस वर्षं शब्द तेच. परवा आमेन झाल्यावर माझी सात वर्षांची लेक म्हणाली, "आजी, तू रोज सेम सांगतेस. देवाला कंटाळा येत नसेल?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, भाकरी मोडायला लागल्या. तुमच्याकडे कसं असतं? ठरलेले शब्द, की मनाला येईल ते? कोणी वही लिहितं का? खरं सांगा, संडे स्कूलमधलं उत्तर नको.

वसईहून
रोजरी (माळेवरची प्रार्थना) झाली की बाबा त्या दिवसाची एक गोष्ट नाव घेऊन सांगतात. मोघम चालत नाही. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा वाडीतली केळी आडवी झाली. वीज नाही, मेणबत्तीवर रोजरी. शेवटी बाबा गप्प. आम्ही गुडघ्यावर, खाली लादी ओली. इतका वेळ गेला की आईनं माळ गुंडाळायला घेतली. मग बाबा म्हणाले, "पाणी मीटरच्या वीतभर खाली थांबलं. त्याबद्दल." केळीबद्दल एक अक्षर नाही.

नगर जिल्हा
आमच्यात बोलणं कमी. आई दळण निवडताना मूठभर ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची. हंगामाच्या सणाला तो डबा देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मग आलेल्या वस्तूंचा लिलाव. एकच कोंबडा तिघांनी बोली लावून घेतला आणि तिघांनीही परत दान केला, हे मी पाहिलंय. शेवटी पाळकसाहेबच म्हणाले, आता तो दमला.

पुणे, नर्स
एका फादरांनी संत इग्नेशियसचं दिवसाअखेरचं आत्मपरीक्षण शिकवलं. त्यात आधी देवाचे आभार, पापांचा हिशेब नंतर. मी उलट करायचे: आधी चुका, आणि आभारापर्यंत पोचायच्या आत झोप. आता ड्युटी सुटली की बसमध्येच करते, स्वारगेट येईपर्यंत. वही दोन आठवडे लिहिली. सध्या तिच्यात दुधाचा हिशेब आहे.

गोवा
आमच्या कोंकणीत थँक्यूलाच 'देव बरें करूं' म्हणतात. मासळी घेताना, बसमधून उतरताना. दिवसातून दहा वेळा देवाचं नाव निघतं. लक्ष असतंच असं नाही.

नाव नको
मिस्टर गेले त्या आठवड्यात मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या, "ह्याबद्दलही आभार मान, शास्त्रात आहे." बायबलमध्ये थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात (५:१८) 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' असं आहे. स्थितीत. स्थितीबद्दल नव्हे. हे मला कळायला वर्ष गेलं. तोवर मी ८८ वं स्तोत्र वाचायचे. ते अंधारावरच संपतं, त्यात कुठे आभार नाहीत, तरी ते शास्त्रात आहे. त्या बाईंनी ते वाचलं नसावं. मी पहिल्यांदा आभार मानले ते सिलिंडर वर आणून देणाऱ्या पोराबद्दल. चौथा मजला, लिफ्ट बंद.

धागा काढणारी
वसईच्या बाबांचं सासूबाईंना वाचून दाखवलं. काल रात्री 'अन्नवस्त्र दिलंस'पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि चष्मा सापडला." लेकीनं डोळे उघडून विचारलं, "कुठे?"

"फ्रिजमध्ये. आमेन."