एसी लावल्यावर गाडीची ताकद आणि मायलेज नेमके किती घटते?

प्रश्न (वळणवाट) :

माझ्याकडे १.२ लिटरची, टर्बो नसलेली पेट्रोल गाडी आहे. एसी बंद असताना ज्या चढावर ती दुसऱ्या गिअरमध्ये सहज निघते, त्याच चढावर एसी लावला की दबते आणि पहिला गिअर टाकावा लागतो. मोकळ्या रस्त्यावर एकदा वेग पकडल्यावर मात्र एसी चालू आहे की बंद, हे जाणवतही नाही. मायलेजचेही तसेच आहे. लांबच्या प्रवासात थोडाच फरक पडतो, पण शहरातल्या गर्दीत पेट्रोलचा काटा भराभर खाली येतो. एसीमुळे पाच टक्के जास्त इंधन लागते असे कोणी सांगतो, तर कोणी पंचवीस टक्क्यांवर ठाम असतो. यांतले खरे कोणते मानावे? तापमानाचे बटण मध्यावर ठेवल्याने बचत होते का, आणि काचा उघड्या ठेवणे स्वस्त पडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर (चौथा गिअर) :

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात. एसीचा खर्च तासाच्या हिशेबाने होतो आणि आपण मायलेज किलोमीटरच्या हिशेबाने मोजतो, त्यामुळे हा घोळ होतो.

एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे थंडाव्याचा गॅस दाबणारा पंप, पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असतो. कडक उन्हात कॉम्प्रेसर, पंखा आणि ब्लोअर मिळून इंजिनावर सरासरी २ किलोवॅटचा भार पडतो असे धरू. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ किलोवॅट-तास ऊर्जा असते आणि त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक इंजिन कामी आणते, म्हणजे या भारासाठी तासाला ०.६ लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. आता ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी लिटरला १८ किलोमीटर देत असेल, तर ती तासाला सुमारे ४.४ लिटर पेट्रोल घेते. त्यात ०.६ मिळवले की मायलेज १६ च्या थोडे खाली येते, म्हणजे घट १२ टक्क्यांच्या आसपास राहते. गर्दीत तीच गाडी ताशी २० च्या सरासरीने सरकत लिटरला १२ देत असेल, तर तिचा मूळ खर्चच तासाला १.७ लिटरपेक्षा कमी असतो, तेच ०.६ लिटर तिथे मिळवले की मायलेज ९ च्याही खाली जाते, आणि ही घट पंचवीस टक्क्यांच्या पुढची आहे. सौम्य हवेत भार एक किलोवॅटच्या आत राहिला, तर मोकळ्या रस्त्यावर पाच टक्क्यांचा आकडाही बरोबर ठरतो.

ताकदीचा हिशेबही याच वळणाचा आहे. माहितीपत्रकात लिहिलेली ६० किलोवॅटची शक्ती ६००० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) जवळपास मिळते. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन १५०० आरपीएमवर असते, आणि तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी अशा इंजिनाकडून १४ किलोवॅटच्या आसपासच निघतात. त्यातले २ ते ३ कॉम्प्रेसरने घेतले, की सातवा ते पाचवा हिस्सा गेला. वरच्या आरपीएमला त्याने ४ किलोवॅट घेतले तरी ६० मधला तो पंधरावा हिस्सा असतो, म्हणून तिथे काही कळत नाही. चढावर एसी बंद करण्याआधी गिअर उतरवून आरपीएम वाढू द्यावे. बहुतेक वेळा तेवढ्याने काम भागते. डिझेल आणि टर्बो पेट्रोल इंजिनांना खालच्या आरपीएमवरच भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) मिळत असल्याने त्यांच्या मालकांना ही तक्रार फारशी नसते.

उत्तर (शीतल वारा) :

तापमानाच्या बटणाविषयी सर्वत्र मोठा गैरसमज आहे. हाताने तापमान ठरवण्याच्या साध्या गाड्यांत हे बटण कॉम्प्रेसरला काहीही सांगत नसते. ते डॅशबोर्डच्या आतली एक झडप फिरवते, आणि थंड झालेल्या हवेचा काही भाग हीटरच्या गरम जाळीवरून जाऊन पुन्हा मिसळतो. म्हणजे बटण मध्यावर असताना आपण हवा आधी थंड करण्याचा खर्च करतो आणि मग तीच इंजिनाच्या उष्णतेने कोमट करतो. अशा गाडीत बटण पूर्ण थंडावर ठेवून ब्लोअर कमी करणे अधिक शहाणपणाचे आहे. थंड जाळीवरून जाणारी हवा कमी झाली की जाळी लवकर गारठते, बर्फ धरू नये म्हणून थर्मोस्टॅट कॉम्प्रेसरचा क्लच (त्याला पट्ट्याशी जोडणारा भाग) सोडतो, आणि तो किती वेळा सुटतो हे ‘टक्’ आवाजावरून आणि किंचित हलणाऱ्या आरपीएमच्या काट्यावरून ऐकता-पाहता येते. आपली क्षमता स्वतःच कमीजास्त करणारे कॉम्प्रेसर असलेल्या गाड्यांत हा आवाज येत नाही. तिथे, विशेषतः स्वयंचलित नियंत्रण असल्यास, तापमान दोन अंश वाढवल्याने खरोखर भार कमी होऊ शकतो.

दुसरी गोष्ट दमट हवेची. हवेतल्या बाष्पाचे पाणी करण्यातही थंडावा खर्ची पडतो. गाडीखाली तासाला एक लिटर पाणी ठिबकत असेल, तर केवळ तेवढ्यासाठी जवळपास ०.७ किलोवॅट थंडावा लागलेला असतो. आतलीच हवा फिरवण्याचे बटण म्हणूनच इतके उपयोगी आहे, कारण ती हवा आधीच थंड आणि कोरडी झालेली असते. उन्हात तापलेल्या गाडीत मात्र सुरुवातीचे एक-दोन मिनिट काचा उघडून आतली भट्टी बाहेर जाऊ द्यावी, आणि मग हे बटण लावावे.

उत्तर (निवांत प्रवासी) :

काचांबद्दल “ताशी ८० च्या वर एसी स्वस्त” हे वाक्य सगळीकडे ठोकून दिले जाते. मला ते इतके पक्के वाटत नाही. हवेचा अडथळा तोडण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. साधारण आकाराच्या गाडीला त्यासाठी ताशी ५० ला सव्वा किलोवॅटच्या आत, तर १०० ला ९ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते. उघड्या काचांनी हा अडथळा दहा टक्के वाढला असे धरल्यास ५० च्या वेगाला तो भार नगण्य आहे आणि १०० ला सुमारे ०.९ किलोवॅट आहे. कडक उन्हातला एसी याहून जास्त घेतो, सौम्य हवेतला तेवढाच किंवा कमी. त्यामुळे सीमारेषा गाडीच्या आकारावर आणि त्या दिवसाच्या उष्म्यावर अवलंबून राहते. शहरात काचा निश्चितच स्वस्त पडतात. धूर आणि गोंगाट सोसायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. वेगाच्या रस्त्यावर मी तरी काचा बंदच ठेवतो.

वळणवाट :

सर्वांचे आभार. चौथा गिअर यांच्या हिशेबाने माझे कोडे सुटले. एक शंका उरते : ओव्हरटेक करण्याआधी एसी हाताने बंद करावा का?

उत्तर (चौथा गिअर) :

बहुतेक आधुनिक गाड्यांत याची गरज पडत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनाचा संगणक काही सेकंदांसाठी कॉम्प्रेसर सोडतो. अर्धवट दाबून रेंगाळणाऱ्यांना ही सवलत मिळत नाही, आणि नेमके तेच पिकअप नसल्याची तक्रार करतात. उतारावर गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनातले इंधनाचे इंजेक्शन थांबते आणि कॉम्प्रेसर चाकांच्या जोरावर फिरतो, म्हणजे तेवढा वेळ थंडावा फुकट मिळतो. पॅकार्डने १९३९ मध्ये पहिल्यांदा कारखान्यातूनच एसी बसवलेली गाडी दिली, तेव्हा कॉम्प्रेसरला क्लचच नव्हता. एसी नको असेल तर इंजिन थांबवून पट्टा काढून ठेवावा लागे.

कंपनीने जाहीर केलेल्या मायलेजशी तुलना करताना हेही ध्यानात असावे, की युरोपातली डब्ल्यूएलटीपी ही मायलेजची अधिकृत चाचणी एसी बंद ठेवून घेतली जाते. अमेरिकेत मात्र ३५ अंश सेल्सिअसला एसी चालू ठेवून घेतलेली एक स्वतंत्र चाचणी तिथल्या मायलेजच्या आकड्यात धरली जाते.

उत्तर (पाना-पकड) :

मी गाड्यांच्या एसीचेच काम करतो, म्हणून एवढेच जोडतो. वरचे सगळे हिशेब एसी धडधाकट आहे असे धरून केलेले आहेत. गाडीच्या नाकात बसवलेल्या कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर) माती आणि किडे साचले किंवा त्याचा पंखा मंदावला, तर उष्णता बाहेर पडत नाही, गॅसचा दाब चढतो आणि त्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. अंदाजाने जादा गॅस भरल्यानेही नेमके हेच घडते. गॅस वजन करूनच भरला पाहिजे. किती ग्रॅम भरायचा ते बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते, आणि अनेक छोट्या गाड्यांत तो आकडा अर्ध्या किलोच्याही आत असतो. गॅस कमी असेल तर थंडावा घटतो आणि चालक ब्लोअर वाढवून एसी जास्त वेळ चालवत राहतो. गाडी उभी असताना एसी लावल्यावर आरपीएमचा काटा क्षणभर पडून लगेच सावरायला हवा, कारण संगणक आयडलिंग (उभ्या गाडीतल्या इंजिनाचे फेरे) थोडे वाढवतो. तो सावरत नसेल आणि गाडी थरथरत राहत असेल, तर एसीला दोष देण्याआधी थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून घ्यावी आणि स्पार्क प्लग तपासावेत.